बेथून कॉलेजातील मैत्रिणी

महाविद्यालयांचे इतिहास सामान्यतः इमारती, प्राचार्य आणि परीक्षांचे निकाल यांच्या आधारे लिहिले जातात. वर्गात कोण कोणाशेजारी बसत असे, कोणी कोणाला धीर दिला, याची नोंद वार्षिक अहवालात होत नसते. तथापि स्त्रियांसाठी निघालेल्या लहानशा महाविद्यालयाच्या बाबतीत हा अलिखित भाग गौण मानता येत नाही. भारतातील पहिले महिला महाविद्यालय, म्हणजे कलकत्त्याचे बेथून कॉलेज, याचे उत्तम उदाहरण होय. तेथील मूठभर विद्यार्थिनींच्या परस्परस्नेहाने काय साधले आणि काय साधले नाही, याचा विचार या व्याख्यानात करावयाचा आहे.

या संस्थेचे मूळ ७ मे १८४९ रोजी जॉन एलियट ड्रिंकवॉटर बेथून यांनी २१ मुलींना घेऊन सुरू केलेल्या शाळेत आहे. पुढच्याच वर्षी ईश्वरचंद्र विद्यासागर शाळेचे चिटणीस झाले. भद्र घरातील मुलगी रस्त्याने पायी शाळेत जाणे त्या काळी अशक्य होते. म्हणून मुलींना ने-आण करण्यासाठी बंद घोडागाडी ठेवण्यात आली आणि तिच्यावर एक संस्कृत वचन लिहिण्यात आले. कन्येचेही काळजीपूर्वक पालन व शिक्षण करावे, असा त्याचा आशय होता. ते वचन रस्त्यावरच्या टीकाकारांसाठी होते. आत बसलेल्या मुलींना मात्र त्या गाडीत एक अगदी वेगळी गोष्ट लाभली. नात्यात नसलेल्या समवयस्क मुलींचा रोजचा सहवास त्यांना प्रथमच मिळाला.

या सहवासाचे महत्त्व कळण्यासाठी बंगाली स्त्रियांच्या जुन्या मैत्रीची रीत ध्यानात घ्यावी लागते. मराठीप्रमाणे बंगालीतही मैत्रिणीला ‘सई’ म्हणतात. दोन स्त्रिया विधिपूर्वक सई होत आणि त्यानंतर एकमेकींना नावाने हाक न मारता ‘गंगाजल’, ‘बकुळफूल’ अशा एखाद्या ठरवून घेतलेल्या समान नावाने बोलावीत. ही मैत्री जिव्हाळ्याची असे, पण ती अंतःपुराच्या, शेजाराच्या आणि नात्यागोत्याच्या कक्षेत राही. दोघींचे समान असे काही कार्य नसे. शाळेने आणि पुढे कॉलेजाने मैत्रीला असे कार्य दिले. एकच पुस्तक, एकच परीक्षा आणि बाहेरच्या जगाची एकच टीका, या तीन गोष्टी या नव्या सख्यांना समान होत्या.

१८७३ साली अॅनेट अॅक्रॉइड यांनी कलकत्त्यात हिंदू महिला विद्यालय स्थापन केले. ते बंद पडल्यावर १८७६ मध्ये द्वारकानाथ गांगुली, दुर्गामोहन दास आदी ब्राह्म सुधारकांनी बंग महिला विद्यालय काढले आणि १८७८ मध्ये ते बेथूनच्या शाळेत विलीन झाले. त्या विद्यार्थिनींत कादंबिनी बसू होत्या, तशाच दुर्गामोहन दासांच्या कन्या सरला आणि अबला याही होत्या. कादंबिनी व सरला या दोघींनी विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेची तयारी बरोबरीने केली. परंतु परीक्षेपूर्वी सरलांचा विवाह झाला आणि त्या परीक्षेस बसल्या नाहीत. कादंबिनी एकट्या बसल्या, उत्तीर्ण झाल्या आणि त्यांची पहिली श्रेणी केवळ एका गुणाने हुकली. त्यांच्या पुढील शिक्षणासाठी १८७९ मध्ये बेथूनमध्ये कॉलेजचे वर्ग उघडण्यात आले. त्या वर्गाची विद्यार्थिनी एकच होती!

एकट्या विद्यार्थिनीच्या वर्गात अध्ययन होऊ शकते, विद्यार्थिदशा मात्र पुरतेपणी अनुभवता येत नाही. ती उणीव चंद्रमुखी बसू यांच्या येण्याने भरून निघाली. दोघींचे आडनाव एक असले तरी त्यांच्या वाटा निराळ्या होत्या. चंद्रमुखी डेहराडूनच्या बंगाली ख्रिस्ती कुटुंबातील होत्या आणि बेथूनची शाळा केवळ हिंदू मुलींसाठी असल्यामुळे आरंभी तिचे दार त्यांना बंद होते. फर्स्ट आर्ट्सची परीक्षा त्यांना मिशनच्या शाळेतून द्यावी लागली. पुढे कॉलेजने नियम शिथिल केला आणि ब्राह्म व ख्रिस्ती अशा दोन तरुणी एकत्र बी.ए.च्या वर्गात बसल्या. १८८३ च्या पदवीदान समारंभात कलकत्ता विद्यापीठाच्या पहिल्या दोन स्त्री पदवीधर म्हणून त्या शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. त्याच वर्षी आनंदीबाई जोशी याच शहराच्या बंदरातून वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेकडे निघाल्या, हा योगायोग महाराष्ट्रीय वाचकाला विसरता येणार नाही.

कामिनी सेन, म्हणजे पुढे कवयित्री म्हणून प्रसिद्धीस आलेल्या कामिनी राय, याही त्या काळी बेथूनमध्ये शिकत होत्या. स्त्रीजीवनाविषयी त्यांचे विचार घडण्यात अबला दास या सहाध्यायिनीचा मोठा वाटा होता. कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात तेव्हा स्त्रियांना प्रवेश नसल्यामुळे अबला १८८२ मध्ये मद्रासला गेल्या. परंतु प्रकृतीने साथ न दिल्याने तो अभ्यासक्रम त्यांना सोडावा लागला. १८८३ मध्ये इल्बर्ट बिलावरून रण माजले असता सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांना न्यायालयाच्या बेअदबीबद्दल कारावास झाला. तेव्हा कामिनींच्या पुढाकाराने बेथूनच्या मुलींनी निषेधाच्या काळ्या फिती बांधल्या. शाळेत धाकट्या मुली मोठ्यांना नावापुढे ‘दिदी’ लावून संबोधीत. त्या धाकट्यांत सरला घोषाल, म्हणजे पुढच्या सरलादेवी चौधुराणी, होत्या. ‘जीवनेर झरापाता’ या आत्मचरित्रात त्यांनी थोरल्या मुलींच्या प्रभावाचे स्मरण केले आहे. राष्ट्रभावनेचा पहिला पाठ त्या मुलींना पाठ्यपुस्तकाने दिला नाही. शेजारच्या बाकावरील दिदीच्या हातावरील फितीने दिला.

या स्नेहाची खरी कसोटी पुढील आयुष्यात लागली. १८८४ मध्ये चंद्रमुखी एम.ए. झाल्या आणि ज्या संस्थेने एकेकाळी त्यांना प्रवेश नाकारला होता, तिच्याच प्राचार्यपदी १८८८ मध्ये आरूढ झाल्या. कामिनी १८८६ मध्ये संस्कृत घेऊन सन्मानपूर्वक बी.ए. झाल्या आणि तेथेच अध्यापन करू लागल्या. जगदीशचंद्र बसू यांच्याशी विवाहबद्ध झालेल्या अबलांनी १९१९ मध्ये नारी शिक्षा समिती स्थापिली. जी परीक्षा स्वतः देऊ शकल्या नाहीत, तिची वाट इतर मुलींसाठी मोकळी करण्याचे काम सरला राय यांनी केले. त्यांनी १९२० मध्ये कलकत्त्यात काढलेल्या मुलींच्या शाळेला गोपाळ कृष्ण गोखले यांचे नाव दिले. कादंबिनी तर पाश्चात्त्य वैद्यकाच्या डॉक्टर झाल्या. १८९१ मध्ये एका नियतकालिकाने त्यांच्या चारित्र्यावर चिखलफेक केली, तेव्हा प्रकरण न्यायालयात गेले आणि संपादकाला सहा महिन्यांची कैद झाली. पुढे १९२२ मध्ये कोळशाच्या खाणीतील स्त्री-मजुरांची स्थिती पाहण्यासाठी कादंबिनी आणि कामिनी या दोघी बिहार व ओरिसात गेल्या. दोघींच्या कॉलेजच्या दिवसांना तेव्हा चार दशके होत आली होती आणि कादंबिनींच्या आयुष्याचे एकच वर्ष उरले होते. स्त्रियांना मताधिकार मिळावा म्हणून कामिनींनी जी चळवळ केली, तिला बंगालमध्ये १९२५ साली मर्यादित स्वरूपात यश आले.

परंतु चित्राची दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य होणार नाही. लहान वर्तुळात ऊब असते, तसेच कुंपणही असते. बेथूनच्या या मैत्रिणी बहुतांशी सुशिक्षित, सुस्थित आणि सुधारक घरांतून आलेल्या होत्या. पित्याची किंवा पतीची अनुकूलता नसलेल्या असंख्य मुली त्या बंद गाडीपर्यंत कधी पोहोचल्याच नाहीत. मुसलमान मुलींसाठी रुकय्या सखावत हुसेन यांना १९११ मध्ये याच शहरात अवघ्या ८ विद्यार्थिनींना घेऊन वेगळी शाळा उघडावी लागली. चंद्रमुखींसाठी जे दार पुढे उघडले, ते सर्वांसाठी उघडण्यास फार काळ जावा लागला. मैत्री माणसाला बळ देते हे खरे. पण कोणाशी मैत्री करण्याची संधी मिळावी, हे बव्हंशी संस्थेचे नियमच ठरवीत असतात.

पुढच्या पिढीत या स्नेहाला तीव्र राजकीय वळण लागले. १९२८ मध्ये सायमन कमिशनविरोधी हरताळात बेथूनच्या विद्यार्थिनी सामील झाल्या आणि त्याच वर्षी छात्री संघ उभा राहिला. चितगावच्या एकाच शाळेतून आलेल्या प्रीतिलता वड्डेदार आणि कल्पना दत्त या दोघी बेथूनमध्ये शिकल्या आणि सूर्य सेन यांच्या क्रांतिकारक दलात गेल्या. १९३२ मध्ये बीना दास यांनी पदवीदान समारंभात गव्हर्नरवर गोळ्या झाडल्या. ते रिव्हॉल्वर कमला दासगुप्त यांनी मिळवून दिले होते. बीना व कमला या दोघीही एकेकाळच्या बेथूनच्या विद्यार्थिनी. त्या मार्गाविषयी मतभेद असू शकतील. परंतु जिवावरचे गुपित सोपवता येईल असा विश्वास तरुण स्त्रियांच्या ठायी परस्परांविषयी निर्माण झाला होता, ही गोष्ट निर्विवाद आहे. सरकारने रोखून धरलेल्या बीना आणि प्रीतिलता यांच्या पदव्या कलकत्ता विद्यापीठाने २०१२ मध्ये मरणोत्तर प्रदान केल्या.

सारांश, बेथून कॉलेजने आपल्या पहिल्या विद्यार्थिनींना पदव्या दिल्या, ही तिची नोंदलेली सेवा होय. न नोंदलेली सेवा अशी की, ज्या समाजात स्त्रीची ओळख कोणाची तरी कन्या, पत्नी किंवा माता एवढीच होती, तेथे ‘सहाध्यायिनी’ हे एक नवे नाते तिने निर्माण केले. ज्या महाविद्यालयांत आज हजारो मुली शिकतात, त्यांनाही हा प्रश्न स्वतःस विचारावा लागेल: आपल्या छपराखाली परक्या घरच्या, परक्या जातीच्या आणि परक्या धर्माच्या किती मुली एकमेकींच्या मैत्रिणी होऊन बाहेर पडतात? पदवीधरांची संख्या अहवालात सापडेल. या प्रश्नाचे उत्तर त्या मुलींच्या पुढील आयुष्यातच शोधावे लागेल.