घरातलं विष आणि अंगणातला कुत्रा



सोनाळा हे सातपुड्याच्या पायथ्याचं गाव. अंबाबरव्याच्या जंगलाकडून रात्री जनावर उतरलं, की आधी भुंकतो तो दारातला कुत्रा. त्याच घरात उंदरांचं, गोचिडांचं, कपाशीचं औषध असतं. त्या औषधांपासून कुत्र्याला कसं जपायचं, आज त्याबद्दल बोलायचं आहे.

ज्वारीच्या भरड्यात थोडं तेल आणि झिंक फॉस्फाईडची काळी भुकटी कालवून आपण उंदरांसाठी कोठीखाली ठेवतो. तेलाच्या वासाने कुत्राही तिथे तोंड घालतो. पोटातल्या आम्लाशी गाठ पडली, की त्या भुकटीतून फॉस्फिन हा विषारी वायू सुटतो. अशा वेळी लोक दूध-भाकर चारतात. पण अन्नाने आम्ल वाढतं आणि वायूही जास्त सुटतो. तेव्हा काही चारू नका, मिठाचं पाणी पाजू नका. ओकारीतूनही वायू निघतो, म्हणून कुत्र्याला उघड्यावर न्या आणि त्याच्या तोंडाशी वाकू नका.

ब्रोमाडिओलोन या उंदरांच्या दुसऱ्या औषधाच्या वड्यांची तऱ्हा वेगळी. त्या खाल्ल्यावर कुत्रा दोन-तीन दिवस ठणठणीत दिसतो. आतून मात्र रक्त गोठायचं थांबतं. मग हिरड्या फिक्या पडतात, नाकातून रक्त येतं. त्यावर व्हिटॅमिन के-1 हा उतारा आहे, पण तो काही आठवडे द्यावा लागतो.

गोचिडांसाठी कपाशीच्या फवारणीचं औषध कुत्र्याला कधीच चोळू नका. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. कुत्रा तर अंगावरचं औषध चाटूनच पोटात घेतो. त्यातल्या काही औषधांनी लाळ गळते, अंग थरथरतं, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात. तिथे डॉक्टर अॅट्रोपिन देतात. गोठ्यातलं गोचिडांचं औषधही अंदाजाने लावू नका, प्रमाण डॉक्टरांना विचारा.

विष वेगळं, तसा उपचार वेगळा. म्हणून पुडी किंवा बाटली फेकू नका, ती दवाखान्यात सोबत न्या. आमिष रात्री ठेवायचं तर कुत्र्याचं तोंड जाणार नाही अशा अरुंद जागी ठेवा. सकाळी उरलेलं आमिष आणि मेलेले उंदीर खोल पुरा. औषधं कुलुपात राहू द्या.

आणि कुत्र्याने विष खाल्ल्याची नुसती शंका आली, तरी लक्षणांची वाट पाहू नका. लगेच पशुवैद्यकीय मदतीच्या 1962 या नंबरवर फोन करा किंवा जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.