बर्फावरची मोटारसायकल: दाते आणि ढील



बाहेर उकाडा असताना बर्फाचा विषय घेतला म्हणून मघाशी कुणीतरी माझे आभार मानले. विषय बर्फाचा असला तरी बोलणार आहे चेनबद्दल.

अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात, कॅनडाच्या सीमेपासून फार लांब नसलेलं सँडपॉइंट नावाचं गाव आहे. टिंबरस्लेड ही कंपनी तिथली. साध्या डर्ट बाइकचं पुढचं चाक काढून तिथे स्की लावायची, मागचं चाक ते धरणाऱ्या स्विंगआर्मसकट काढून त्या जागी रबरी पट्टा फिरवणारा सांगाडा बसवायचा, असं किट तिने बाजारात आणलं. २०१५ साली पोलारिस या वाहन कंपनीने ती विकत घेतली आणि २०१७ मध्ये ॲस्पेनच्या एक्स गेम्स या क्रीडास्पर्धेत या गाड्यांची, म्हणजे स्नो बाइकची, शर्यतही झाली. इतिहास एवढा पुरे.

अशी गाडी घेणारा माणूस पहिला प्रश्न विचारतो तो गिअरिंगचा: पुढे किती दाते, मागे किती? दुसरा प्रश्न तो साधारण महिन्याभराने विचारतो: चेन सारखी सैल का होते? हे दोन प्रश्न वेगळे आहेत असं त्याला वाटतं. मला ते एकच वाटतात, आणि आज तेवढंच सांगायचं आहे.

आधी गिअरिंग. मोटोक्रॉसच्या ४५० सीसी गाडीला मागे १२०/८०-१९ मापाचं टायर धरा. त्याचा घेर सुमारे २१२ सेंटिमीटर. पुढे १३ आणि मागे ५० दाते असतील, तर इंजिनाच्या बाहेरचं छोटं स्प्रॉकेट एकदा फिरलं की गाडी ५५ सेंटिमीटर पुढे जाते. आता पट्ट्याकडे पाहा. पट्टा ओढणारा ड्रायव्हर सात दात्यांचा आणि दात्यांमधलं अंतर तीन इंच मानू. एका फेऱ्यात पट्टा २१ इंच, म्हणजे ५३ सेंटिमीटर सरकतो. मागच्या मोठ्या स्प्रॉकेटने जो वेग उतरवला होता, तो इथे ड्रायव्हरच्या लहानपणानेच उतरला! डर्ट बाइकवरून आलेल्या माणसाचा अंदाज इथे चुकतो. तो मागे थाळीएवढं स्प्रॉकेट शोधत असतो आणि किटमध्ये सापडतं पुढच्यापेक्षा जेमतेम मोठं.

गिअर थोडा उतरवावा मात्र लागतो. भुसभुशीत बर्फ पट्ट्याला धरून ठेवतो. शिवाय हे सगळं उंचावर चालतं: दर ३०० मीटरला इंजिनाची सुमारे तीन टक्के ताकद जाते, म्हणजे २४०० मीटरवर पाऊण ताकद उरते. पण गिअर फारच उतरवला तर इंजिन नुसतं किंचाळतं, पट्ट्याला वेग येत नाही, आणि वेग नसला की गाडी बर्फावर तरंगायच्या ऐवजी स्वतःसाठी खड्डा खणते. माझा कल वीस टक्के उतरवण्याकडे आहे. इंजिनापासून किटच्या पहिल्या शाफ्टपर्यंतच्या चेनवर १३ आणि १६ दाते, तिथून ड्रायव्हरपर्यंतची चेन समान दात्यांची धरली, तर एका फेऱ्याला ४३ सेंटिमीटर. झालं काम.

झालं का? नाही. आपल्या रस्त्यावरच्या गाडीची चेन सैल झाली की मेकॅनिक मागच्या ॲक्सलचं नट सोडतो, चाक थोडं मागे ओढतो आणि नट कसतो. स्नो बाइकला मागे ओढायला चाकच नाही. सांगाडा स्विंगआर्मच्या जागी बोल्टने बसतो, मागच्या शॉकच्या जागी एक रॉड त्याला धरून ठेवतो. इंजिनाचा शाफ्ट आणि किटचा पहिला शाफ्ट यांच्यातलं अंतर जवळजवळ ठरलेलं. काही किटमध्ये रॉडऐवजी छोटा शॉक येतो, तेव्हा ते अंतर चालता चालता किंचित बदलतंही. ते आणखी वाईट.

आता हिशेब ऐका. ५२० चेनची एक कडी १५.८७५ मिलिमीटरची. कोणत्याही एका स्प्रॉकेटचा एक दाता कमी केला, तर चेनची गरज अर्ध्या कडीने घटते; शाफ्टांमधल्या अंतरात मोजलं तर पाव कडी, म्हणजे चार मिलिमीटर. वाटतं, चार मिलिमीटरने काय होतंय? शाफ्टांमध्ये ३०० मिलिमीटर अंतर असेल, तर पूर्ण ताणलेली चेन तेवढ्याने मध्यावर ३५ मिलिमीटर लोंबते. बारा दात्यांच्या स्प्रॉकेटची त्रिज्याच ३१ मिलिमीटर आहे! अशी चेन दाते सोडून उडी मारणारच. उलट बाजूने पाहा: सरळ रेषेपासून सहा मिलिमीटर, इतकीच नीटस ढील हवी असेल, तर शाफ्ट ०.१२ मिलिमीटर जवळ आले की पुरे. आखूड चेनला चूक पचत नाही. आणि तिची प्रत्येक कडी लांब चेनपेक्षा जास्त वेळा वळते, म्हणून ती झिजतेही लवकर. पूर्ण ताणलेली अशी चेन हजारात एक भाग लांबली, की ती मध्यावर अकरा मिलिमीटरच्या आसपास लोंबते.

म्हणून गिअर बदलताना दात्यांची बेरीज सांभाळा. १३-१६ चे १२-१७ करा. बेरीज २९ च राहते, गिअर तेरा टक्के उतरतो आणि चेन जवळपास तीच बसते. जवळपास म्हटलं, कारण शाफ्टांच्या अंतरात मोजलं, तर ती दोन दशांश मिलिमीटरच्या आत घट्ट होते आणि चेन दाबून ढील घेणाऱ्या टेन्शनरला हात लावावाच लागतो. नुसतं पुढचं १३ चं १२ केलं तर गिअर आठ टक्केच उतरतो आणि ढील पदरात पडते. एकच वाकडी कडी, म्हणजे ‘हाफ लिंक’, घालून जुळवणारेही आहेत. मला ते पसंत नाही. सगळी ओढ घेणाऱ्या चेनमध्ये कमजोर कडी मुद्दाम का बसवायची?

टेन्शनर कुठे, हे विचारणारे थोडे असतात. गाडी ओढताना चेनची वरची बाजू ताणलेली असते, खालची मोकळी. म्हणून तो खालीच लावायचा. इंजिन ब्रेकिंगला ही बाजू उलटते, पण खोल बर्फात थ्रॉटल सोडला की बर्फच गाडी थांबवतो, त्यामुळे तो प्रसंग थोडा.

शेवटची गोष्ट ढील शून्य करण्याच्या मोहाची. स्प्रॉकेटच्या दात्यांत बर्फ ठासला जातो, तिथेच गोठतो, आणि चेन त्यावर चढली की आधीच घट्ट असलेली चेन इंजिनाच्या शाफ्टचं बेअरिंग आणि सील ओढून काढते. गॅरेजमध्ये कोरड्या चेनवर मोजलेली ढील म्हणूनच अर्धवट माप आहे. पहिल्या फेरीनंतर, दात्यांत बर्फ असतानाच, गाडी बाजूला घेऊन हाताने चेन दाबून पाहायची, पट्टा थोडा फिरवून चार-पाच जागी, आणि सगळ्यात घट्ट जागा धरून टेन्शनर लावायचा.