दत्तात्रय विष्णु पलुसकर : अकालीं थांबलेला स्वर

नागपूरहून इटारसीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर काटोल हें संत्र्यांच्या बागांचें गांव आहे. अशा गांवीं थोर गवयाची मैफल ऐकावयास मिळणें हा एके काळीं दुर्मिळ योग असे. ग्रामोफोनच्या तबकड्यांनीं हें अंतर कमी केलें, आणि १६ जुलै १९४८ रोजीं नागपूरचें नभोवाणी केंद्र सुरू झाल्यावर तें आणखीच घटलें. या दोन वाटांनीं ज्यांचा स्वर दूरदूरच्या घरांत शिरला आणि घरचाच होऊन राहिला, त्या गायकांत पंडित दत्तात्रय विष्णु पलुसकर यांचें नांव अग्रभागीं येतें.

त्यांचा जन्म २८ मे १९२१ चा. वडील पंडित विष्णु दिगंबर पलुसकर. गाणें दरबारांत किंवा कोठीवरच शोभावें, अशी सभ्य गृहस्थांची समजूत असतांना विष्णु दिगंबरांनीं १९०१ सालीं लाहोर येथें गांधर्व महाविद्यालय स्थापिलें आणि सामान्य कुटुंबांतील मुलांच्या हातीं तंबोरा दिला. १९३१ च्या ऑगस्टमध्यें त्यांचें देहावसान झालें, तेव्हां पुत्र अवघा दहा वर्षांचा होता. पित्याची विद्या त्यास पित्याच्या शिष्यांकडून, विशेषतः विनायकराव पटवर्धन व नारायणराव व्यास यांजकडून, मिळाली. १९३५ सालीं, वयाच्या चौदाव्या वर्षीं, जालंदरच्या हरिवल्लभ संमेलनांत त्यानें मोठ्या सभेपुढें गायन केलें.

त्या गळ्याचें वैशिष्ट्य कोणतें? स्वर निर्मळ, शब्द स्पष्ट, तान दाणेदार. परंतु श्रोत्यांस दिपवून टाकण्याचा हव्यास कोठेंहि नाहीं. तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटें मिळत. तेवढ्या अवधींत रागाचें रूप उभें करावयाचें, बंदिशीची स्थायी व अंतरा मांडावयाचा, आलाप-तानांनीं तिला सजवावयाचें, आणि तरीहि घाई झाली असें वाटूं द्यावयाचें नाहीं, हें काम मोठें कठीण. पलुसकरांच्या गौडसारंग व श्री या रागांच्या तबकड्यांत तें सहज साधलेलें दिसतें. तुलसीदासांचीं व मीरेचीं भजनें गातांनाहि त्यांनीं रागदारीची शिस्त सोडली नाहीं. म्हणूनच ज्या घरांत ख्यालाशीं परिचय नव्हता, त्या घरांतहि भजनाच्या हातास धरून रागसंगीत येऊन बसलें. १९५२ सालच्या 'बैजू बावरा' या बोलपटांत उस्ताद अमीर खां यांच्यासह त्यांनीं गाइलेली देसी रागांतील जुगलबंदी तर मैफलीस कधींहि न गेलेल्या प्रेक्षकांच्याहि कानीं पडली.

१९५५ सालीं भारतीय सांस्कृतिक मंडळाबरोबर ते चीनला जाऊन आले. त्याच वर्षीं ऑक्टोबर महिन्यांत मेंदूस सूज आणणाऱ्या दुर्धर विकारानें त्यांस गांठलें व त्यांतच त्यांचा अंत झाला. वय चौतीस. विषाणूंमुळें होणाऱ्या अशा विकारावर त्या काळीं वैद्यकशास्त्रापाशीं नेमकें औषध नव्हतें. त्यांतील एका प्रकारावर गुणकारी औषध पुढें कांहीं दशकांनीं मिळूं लागलें.

ख्यालगायकाच्या आयुष्यांत चौतिसावें वर्ष हें मध्यान्ह नव्हे, सकाळच होय. तयारी तारुण्यांत येते. पण विलंबित लयींत रागाशीं निवांत बोलण्याची परिपक्वता बहुधा चाळिशी-पन्नाशीनंतरच लाभते. ती पलुसकरांस लाभली नाहीं. विनायकराव १९७५ पर्यंत व नारायणराव १९८४ पर्यंत जगले. विद्येचा वारसा शिष्यानें पुढें न्यावयाचा. येथें शिष्याचा वियोग सोसणें गुरूंच्या वांट्यास आलें. घराण्याची ही हानि कोणत्याहि यंत्रानें भरून निघणारी नाहीं, कारण यंत्र झालेलें गाणें जपतें, व्हावयाचें राहून गेलेलें गाणें देऊं शकत नाहीं.

तथापि पित्यानें जें कार्य शाळा काढून आरंभिलें, तेंच पुत्राच्या आवाजानें घरोघर चालविलें, आणि देह गेल्यावरहि तें थांबलें नाहीं. आजहि एखाद्या घरीं सायंकाळीं तो श्री राग लावला, तर हातांतील काम क्षणभर बाजूस राहतें आणि घरांतील एखादें मूल सहज गुणगुणूं लागतें. अशा मुलाच्या हातीं तंबोरा देणें, हेंच या गायकाचें उचित स्मरण होय.