चालणारा मासा


आज भेटू या एका माशाला.
हा मासा चालतो.
हो, चालतो!

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला टास्मानिया बेट आहे.
तिथला समुद्र थंड.
होबार्ट शहराजवळच्या समुद्रात काही खडक आहेत.
त्या खडकांवर, शेवाळाच्या आडोशाला, रेड हँडफिश राहतो.
आपण त्याला लाल हातमासा म्हणू.

जीव केवढा? आपल्या बोटाएवढा.
त्याचे पर अगदी हाताच्या पंजासारखे.
त्यांवर भार देत तो तळावर हळूहळू चालतो.
चालतो, म्हणूनच फार दूर जात नाही.

मादी शेवाळाच्या बुडाशी अंडी चिकटवते.
मग तिथेच राखण करत बसते.
कितीतरी माशांची पिल्लं प्रवाहाबरोबर दूर जातात.
याची जात नाहीत.
अंड्यातून थेट इवलासा हातमासा बाहेर येतो,
आणि जन्मला तिथेच राहतो.

मग ते शेवाळच गेलं तर?
सी-अर्चिन नावाचे काटेरी जीव ते फस्त करतात.
शेवंडी, म्हणजे लॉबस्टर, या अर्चिनना खातात.
पण माणसाने शेवंडीच फार पकडल्या.
मग अर्चिन वाढले आणि शेवाळ घटलं.
आज पूर्ण वाढलेले लाल हातमासे उरलेत जेमतेम १००च्या आसपास.
ऐकून पोटात कालवतं.
कायद्याने त्यांना संरक्षण आहे.

२०२४च्या उन्हाळ्यात तिथला समुद्र तापू लागला.
संशोधकांनी पाण्यात उतरून २५ मासे अलगद उचलले.
त्यांना थंड पाण्याच्या टाक्यांत सांभाळलं.
समुद्र निवल्यावर, जगले ते मासे
पुन्हा त्यांच्या खडकांवर नेऊन सोडले.