घर शोधणाऱ्यांच्या बाई

(1995 च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला विषय दिलाय ‘परदेशातील अनुभव’. ग्रुपवर दोघातिघांचे निरोपही आले, की कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे आमच्या मुलांच्या नोकऱ्या जाणार का तेवढं सांग आणि आम्हाला जेवायला सोड. त्या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही. मी आज एका बाईंबद्दल बोलणार आहे. त्या शाळेत शिकवत नाहीत. पण त्यांच्यासमोर वही घेऊन बसलं की माझ्या पोटात गणिताच्या तासासारखा गोळा यायचा, म्हणून मनातल्या मनात मी त्यांना बाईच म्हणते.

मी अमेरिकेत ओहायो राज्यात, कोलंबसला राहते. काही वर्षांपूर्वी आमच्या कंपनीला एका बिनसरकारी संस्थेच्या नोंदी ठेवणारा प्रोग्रॅम लिहायचं काम मिळालं. संस्थेचं काम होतं फॉस्टर केअरमधल्या मोठ्या मुलांना कायमचं घर शोधून देणं. आईवडिलांजवळ मूल सुरक्षित नाही असं न्यायालयाचं मत झालं, की तिथे ते मूल तात्पुरतं नातेवाइकांकडे किंवा दुसऱ्या कुटुंबात ठेवतात. ते फॉस्टर केअर. 30 सप्टेंबर 2023 या दिवशी अशी सुमारे 3 लाख 43 हजार मुलं त्या देशात होती. बरीचशी आईवडिलांकडे परत जातात. काही दत्तक जातात. लहान बाळांना घर मिळायला फारसं अवघड जात नाही. पंधरा-सोळा वर्षांचं मूल मात्र राहून जातं. या घरातून त्या घरात जाताना त्याचे कपडे कित्येकदा कचऱ्याच्या काळ्या पिशवीत भरलेले असतात. हे मी आधी ऐकलं होतं, पण मला ते अतिशयोक्तीचं वाटायचं.

1997 साली तिथे कायदा झाला, की मूल मागच्या 22 महिन्यांपैकी 15 महिने सरकारी देखरेखीत राहिलं, तर काही अपवाद सोडून, आईवडिलांचे हक्क संपवण्याचा अर्ज सरकारने करायचा. हेतू असा की मूल अधांतरी राहू नये. पण मोठ्या मुलांच्या बाबतीत पुष्कळदा अर्धंच काम होतं. मूल कागदोपत्री आईचं राहत नाही आणि दुसऱ्या कोणाचं झालेलंही नसतं. मग अठराव्या वर्षी, काही ठिकाणी एकविसाव्या, फाइल बंद. दरवर्षी अशी हजारो मुलं बाहेर पडतात आणि नोकरीच्या अर्जात ‘आणीबाणीत कोणाला कळवावे’ या रकान्यापाशी अडतात.

यावर जे उपाय निघाले, त्यात केव्हिन कॅम्पबेल नावाच्या गृहस्थांचा मला फार आवडतो. युद्धात ताटातूट झालेल्या घरच्या माणसांचा रेड क्रॉस कसा शोध घेते ते त्यांनी पाहिलं आणि तीच पद्धत या मुलांसाठी वापरायला घेतली. दुसरा प्रयोग वेंडीज या बर्गरच्या दुकानांचे संस्थापक डेव्ह थॉमस यांच्या प्रतिष्ठानचा. ते स्वतः दत्तक मुलगा होते. 2004 पासून त्यांचं प्रतिष्ठान फक्त याच कामासाठी माणसं नेमायला पैसे देतं. एका कार्यकर्त्याकडे बारा ते पंधराच मुलं असतात, आणि शोध मुलापासून सुरू होतो. दत्तक हवंय म्हणून यादीत नाव घातलेल्या कुटुंबांपासून नाही. चाइल्ड ट्रेंड्स या संस्थेने पाच वर्षं अभ्यास करून 2011 मध्ये अहवाल दिला, की या पद्धतीत मूल दत्तक जाण्याची शक्यता 1.7 पट होते.

आमच्या संस्थेत अशा पाच सोशल वर्कर होत्या, आणि त्यांच्यावर सुपरवायझर म्हणून या बाई. पन्नाशी उलटलेल्या, कृष्णवर्णीय, आवाज अगदी बारीक. त्यांनी स्वतः वीस वर्षं दारोदार फिरून हे काम केलेलं. मला वाटायचं, सुपरवायझर म्हणजे सह्या करणार, रजा मंजूर करणार, अहवाल वर पाठवणार. स्क्रीनवर काय काय लागेल ते समजावं म्हणून मी दर गुरुवारी त्यांच्या खोलीत कोपऱ्यात बसायला लागले. गोपनीयतेच्या कागदावर माझी सही घेतली होती. ती आजही लागू आहे, म्हणून मुलांचे तपशील बदलून सांगते.

प्रत्येक कार्यकर्तीला एक तास, दार लावून. बाई पहिल्यांदा मुलाबद्दल विचारायच्याच नाहीत. तू जेवलीस का, झोप लागते का, हे आधी. मला तो शिष्टाचार वाटला. पुढे कळलं की तपासणी तिथूनच सुरू व्हायची. या कामात नवी मुलगी दोन वर्षांत थकून नोकरी सोडते, आणि ती गेली की त्या पंधरा मुलांच्या आयुष्यातून आणखी एक माणूस जातं. ती टिकावी, हे बाईंच्या लेखी मुलांचंच काम होतं.

एकदा एक कार्यकर्ती गडबडीत वाचून दाखवत होती, आणि बाईंनी मध्येच विचारलं, अमुक मुलीकडे तू शेवटची कधी गेलीस? तीन आठवडे झाले होते. महिन्यातून एकदा जायचा नियम असल्यामुळे तसं काही चुकलंही नव्हतं. बाई गप्प. मग त्या मुलीनेच सांगितलं, की जे कुटुंब तयार होतं ते मागे हटलंय आणि तिला सांगण्यासारखं माझ्याकडे काहीच नाही. बाई म्हणाल्या, “मग सांगण्यासारखं काही नाही, हे सांगायला जा. आजच जा.” एवढंच. ओरडणं नाही, शेरा नाही. संध्याकाळी मी पार्किंगमध्ये पाहिलं तर ती कार्यकर्ती गाडीत बसून रडत होती. मग तिने तोंड पुसलं आणि गाडी वळवली ती घराच्या उलट दिशेला.

दुसरा प्रसंग. सोळा वर्षांचा मुलगा दत्तक जायला ‘नाही’ म्हणाला. ओहायोत बारा वर्षांपुढच्या मुलाची दत्तकाला संमती लागते. न्यायालयाला ती बाजूला ठेवता येते, पण सहसा मुलाचा शब्द मानतात. कार्यकर्तीने तशी नोंद केली. बाईंनी विचारलं, “नाही म्हणजे नेमकं कशाला नाही?” आडनाव बदलायला नाही? शाळा सोडायला नाही? धाकट्या बहिणीची भेट बंद होईल म्हणून नाही? की दुसऱ्या बाईला आई म्हटलं तर पहिलीशी बेइमानी होईल म्हणून? कार्यकर्तीला सांगता येईना. बाईंचं म्हणणं, मुलाचा नकार मोडायचा नाही, पण तो एका शब्दात लिहून मोकळंही व्हायचं नाही. चार भेटींनंतर कळलं, की त्याला आडनावाची धास्ती होती. आडनाव न बदलताही दत्तक जाता येतं, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

आता माझ्या चुकीबद्दल. इतका वेळ तीच टाळत होते.

प्रोग्रॅममध्ये मी प्रत्येक मुलाच्या नातेवाइकांची यादी केली होती. ज्याने नकार दिला त्याच्यापुढे ‘अपात्र’ निवडायचं, की ते नाव यादीतून नाहीसं होई. सगळी नावं संपली की वर हिरवी खूण आणि ‘शोध पूर्ण’. स्क्रीन स्वच्छ राहते याचा मला अभिमान होता. बाईंनी पहिल्याच दिवशी पाहून म्हटलं होतं, “यात मला मूल दिसत नाही, काम संपलेलं दिसतं.” मी मनात म्हटलं, जुन्या माणसांना संगणक आवडत नाही. आणि दिलं तसंच बसवून.

एक मुलगा होता, सहाव्या वर्षापासून देखरेखीत असलेला. नऊ घरं झाली होती. त्याची कार्यकर्ती बदलली, नवीन आली, तिने स्क्रीन उघडली तर हिरवी खूण. तिने साहजिकच पुढचं काम धरलं, म्हणजे त्याला एकट्याने राहायची तयारी करून द्यायची: बँकेचं खातं, स्वयंपाक, भाड्याची खोली. तेव्हा बाई दुखण्याने रजेवर होत्या. आठ महिन्यांनी परत आल्यावर त्यांनी त्याची कागदाची मूळ फाइल मागवली. तीन खोकी आली. त्यांच्याकडे पहिल्या पानापासून वाचायची रीत होती. कोणत्या शिक्षिकेने डबा दिला, कोणता प्रशिक्षक सामन्याला घेऊन गेला, सगळी नावं टिपायची. दुसऱ्या खोक्यात त्याची मावशी सापडली. तिने दहा वर्षांपूर्वी नकार दिला होता. तेव्हा ती एकवीस वर्षांची होती, एका खोलीत राहत होती आणि रात्रपाळी करत होती. माझ्या प्रोग्रॅममध्ये ती ‘अपात्र’ होती. म्हणजे नव्हतीच.

कार्यकर्तीने बाईंच्या खोलीतून फोन लावला. मी कोपऱ्यात होते. पलीकडून बराच वेळ काही आवाज नाही. मग मावशी म्हणाली, “अजून त्याला कोणी नेलं नाही?” तिची समजूत, की लहान होता, केव्हाच कुठल्यातरी चांगल्या घरी गेला असेल. आपण नाही म्हटलंय, आता कोणत्या तोंडाने विचारायचं, म्हणून तिने कधी फोन केला नव्हता.

सिनेमातल्यासारखं पुढे काही झालं नाही. तो पहिल्या भेटीत तिच्याशी बोललाच नाही. मग दर रविवारी जेवण. मध्ये एकदा भांडण होऊन दोन महिने तेही बंद. त्या दोन महिन्यांत बाई कार्यकर्तीला दर गुरुवारी एकच विचारत, मावशीला या आठवड्यात फोन केलास का, आणि त्याला? अखेर अठरा पूर्ण व्हायला थोडे दिवस असताना मावशी त्याची कायदेशीर पालक झाली. हे ऐकून लोक मला म्हणतात, चला, शेवट गोड झाला. पण नऊ घरं फिरलेल्या पंधरा वर्षांच्या मुलाचे आठ महिने माझ्या हिरव्या खुणेखाली गेले, ते त्याला कोणी परत दिले नाहीत.

दुरुस्ती किती होती, सांगू? एक रकाना. ‘अपात्र’ काढून टाकलं. आता नकार लिहिताना कारण आणि तारीख घालावी लागते आणि सहा महिन्यांनी ते नाव आपोआप परत वर येतं. ‘शोध पूर्ण’ हे शब्द प्रोग्रॅममध्ये कुठेही नाहीत. लिहायला मला एक दुपार लागली. बाईंनी पाहिलं आणि म्हणाल्या, “आता हे माझ्या वहीसारखं दिसतंय.” इंजिनिअरिंगच्या पदवीपेक्षा मला त्या वाक्याचं अप्रूप आहे.

हे सगळं इथे का सांगतेय? या मेळाव्यासाठी आपण सहा महिने जे केलं, ते याहून वेगळं नव्हतं. चौसष्ट जणांची यादी. कोणी रेशन दुकानात विचारलं, कोणी माहेरच्या गल्लीत जाऊन आलं, शिपाईमामांनी जुन्या हजेरीपटातले पत्ते दिले. एकसष्ट सापडले. एक मित्र आता नाही. एकाने येत नाही म्हणून कळवलं. आणि एक राहिली.

नाव मी माइकवरून घेत नाही. ती मुलींच्या बालगृहातून शाळेत यायची, एवढ्यावर ज्यांना आठवायचं त्यांना आठवलं असेल. प्रगतिपुस्तकावर पालकांच्या सहीच्या जागी तिच्या अधीक्षिकांचा शिक्का असायचा आणि आपण त्याला हसायचो. मीही हसले आहे. त्या काळच्या 1986 च्या कायद्यात मुलींची मुदत अठराव्या वर्षी संपायची. आज 2015 च्या बाल न्याय कायद्यात अठरानंतर एकविसापर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे पायावर उभं राहीपर्यंत आधाराची, तरतूद आहे. आपल्या राज्यात मूल घरच्या किंवा नात्यातल्या माणसांकडेच वाढावं म्हणून मदत देणारी बालसंगोपन योजनाही आहे. तिच्या वेळी अठराव्या वाढदिवसानंतर ती कुठे गेली, हे आपल्यापैकी कोणीही विचारलं नाही. गॅदरिंगच्या फोटोत ती आहे, डावीकडून दुसरी.

आपल्या यादीचा तक्ता संगणकावर मीच केला होता, कारण मी ‘सॉफ्टवेअरवाली’. तिच्या नावापुढे काय लिहिलंय ते परवा रात्री मी पाहिलं. ‘सापडली नाही. बंद.’ माझ्याच हाताने लिहिलेलं.

एक पथ्य मात्र सांगते. तिचा फोटो फेसबुकवर टाकून ‘ओळखता का’ असं कोणी करू नका. ती आज शेहेचाळीस-सत्तेचाळीस वर्षांची बाई आहे. बालगृहात वाढल्याचं तिने घरी सांगितलं असेल, नसेल. आपण सापडावं की नाही, हे ती ठरवेल. आपण फक्त तिच्यापर्यंत निरोप पोचवायचा आणि तिचं जे उत्तर येईल ते घ्यायचं.

‘बंद’ मी काढलंय. तिथे आता पुढच्या महिन्याची तारीख आहे. मघाशी चहाच्या वेळी शिपाईमामा म्हणाले, की त्या अधीक्षिकांची मुलगी अजून गावातच, एसटी स्टँडमागे राहते. जेवण झालं की मी आणि मामा तिकडे जाणार आहोत. रिक्षात आणखी एकाची जागा आहे.