नवी चाकं घ्यावीत का?

रविवारी सकाळी सिंहगडाच्या वाटेवर निघालात, तर वाकड्या हँडलच्या, अरुंद टायरच्या सायकलींची रांग दिसते. त्यांना रोडबाइक म्हणतात. त्या रांगेत मीही असतो. पायथ्याच्या चहाच्या टपरीवर हटकून निघणारा विषय म्हणजे चाकं. "चाकं बदल, सायकल उडेल!" असा सल्ला मला किमान चौघांनी दिला आहे. कार्बनच्या चाकांची जोडी माझ्या अख्ख्या सायकलीच्या किमतीला भिडते. तेव्हा खिशात हात घालण्याआधी मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

पहिला मुद्दा वजनाचा. नवी चाकं चारशे ग्रॅमनं हलकी आहेत असं धरू. मी, सायकल आणि पाण्याच्या बाटल्या मिळून वजन पंचाऐंशी किलो. म्हणजे बचत अर्ध्या टक्क्याहूनही कमी. जो चढ चढायला मला पन्नास मिनिटं लागतात, तिथे फार तर चौदा सेकंद वाचतील. चाकाच्या कडेचं वजन दुप्पट मोजावं लागतं, असं म्हणतात. ते खरं आहे, पण फक्त वेग वाढवताना; कारण तेव्हा ते वजन पुढेही न्यायचं असतं आणि फिरवायचंही असतं. एका लयीत चढताना ग्रॅम तो ग्रॅमच. शर्यतीत वळणावळणाला झेप घेणाऱ्याला तो फरक जाणवेल. मला त्यापेक्षा आदल्या रात्रीची पुरणपोळी जास्त जाणवते.

दुसरा मुद्दा वाऱ्याचा. वेग दुप्पट झाला, की हवेचा विरोध चौपट होतो आणि त्याला तोंड द्यायला लागणारी ताकद आठपट. म्हणून शर्यतवाले उंच कडेची रिम वापरतात; ती हवा सफाईनं कापते. पण हवेला अडवणारी सर्वांत मोठी वस्तू म्हणजे सायकलवर बसलेला माणूस! कोपर वाकवून जरा खाली झुकलं, अंगातलं फडफडणारं जाकीट काढलं, तरी बराच फायदा फुकटात पदरी पडतो. शिवाय महामार्गावर शेजारून ट्रक गेला, की उंच रिमचं पुढचं चाक वाऱ्यानं ओढलं जातं आणि हँडल हातात थरथरतं.

मला तयारी करायची आहे ती दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेची. ही शर्यत नव्हे. साडेतेरा तासांत अंतर पुरं करायचं, एवढंच. सरासरी ताशी पंधरा किलोमीटरच्या आतली. तिथे मिनिट वाचवणाऱ्या चाकापेक्षा खड्ड्यात टिकणारं चाक मोलाचं. बत्तीस आऱ्यांच्या चाकाचा एक आरा तुटला, तरी चाक थोडं डुलतं, पण बहुधा घरी आणतं. वीस आऱ्यांच्या चाकाचा एक तुटला, तर रिम ब्रेकला घासू लागते आणि सायकल खांद्यावर घ्यायची पाळी येऊ शकते.

इथपर्यंत हिशेब "नको" असाच सांगत होता. पण आमच्या पेठेतल्या सायकलवाल्या काकांकडे आउट काढायला चाक नेलं, तेव्हा त्यांनी रिमवर पट्टी आडवी धरली. पट्टीखालून उजेड दिसला. "सर, हब उत्तम आहे, पण रिम संपली," ते म्हणाले.

ज्यांच्या सायकलीचे ब्रेक रिमवर दाबले जातात, त्यांनी हे जरूर ऐकावं. पावसाळ्यात घाट उतरताना ब्रेकच्या रबरात वाळू अडकते आणि ती कानशीसारखी रिम घासते. भिंत पातळ होते. आतून टायरच्या हवेचा दाब तिला सतत बाहेर ढकलत असतो. एखाद्या उतारावर ती फुटली, तर सावरायला वेळ मिळत नाही. बऱ्याच रिमवर झीज दाखवणारी बारीक खाच किंवा खळगा असतो. तो दिसेनासा झाला, की रिम बदलायची. इथे चालढकल नाही.

मग कोणती घ्यायची? रिमब्रेकच्या कार्बन चाकांना लांब उतारावर ब्रेकची उष्णता मानवत नाही, त्यांना रबरही वेगळं लागतं. घाटात राहणाऱ्या मला ॲल्युमिनियमच बरं. जुन्या हबवर काकांनी नव्या रिम बांधल्या, बत्तीस आऱ्यांच्या. उरलेल्या पैशांतून चांगले टायर घेतले. तेविसाऐवजी अठ्ठावीस मिलिमीटरचे, हवा थोडी कमी ठेवून. टायर दबताना-उसळताना आपली ताकद खातो. लवचीक टायर ती कमी खातो आणि आपल्या रस्त्यांवर मनगटंही वाचतात. मात्र फ्रेममध्ये आणि ब्रेकखाली तेवढी जागा आहे ना, ते आधी बघा. टायरवरचा 28-622 हा आकडाही वाचा: पहिला रुंदी, दुसरा रिमचा व्यास. दुसरा जुळलाच पाहिजे. संपूर्ण चाक घेणार असाल, तर ब्रेकचा प्रकार, धुरा आणि मागची दातेरी चक्रं बसतात का, हे दुकानातच तपासा.

हौस म्हणून कुणी कार्बनची चाकं घेतली, तर मी नावं ठेवणार नाही. हौसेला मोल नसतं. फक्त आज घरी गेल्यावर एक पट्टी घ्या आणि आपल्या रिमवर आडवी धरून पाहा. तिला काही पैसे पडत नाहीत.