सरपंच निवडला, आतां हिशेब कोण घेणार?

(मुरबाड येथें शेतकरी व कारागीर मंडळींपुढें झालेलें भाषण)



गांवचा कारभारी कोणीं निवडावा, आणि निवडल्यावर त्याच्याकडून हिशेब कोणीं घ्यावा, या दोन गोष्टींविषयीं आज चार शब्द बोलावयाचे आहेत. पहिल्या गोष्टीची चर्चा चावडीवर, चहाच्या टपरीवर, एस. टी. च्या थांब्यावर रोज होते. दुसरीची चर्चा कोणी करीत नाहीं, आणि आपलें नुकसान होतें तें तेथेंच.

आपल्या वाडवडिलांच्या काळीं हा प्रश्नच नव्हता. पाटलाच्या पोटीं जन्मला तो पाटील आणि कुळकर्ण्याच्या पोटीं जन्मला तो कुळकर्णी. एकाच्या हातीं हुकूम, दुसऱ्याच्या हातीं लेखणी, आणि रयतेच्या हातीं काय, तर अंगठा! कागदावर काय लिहिलें आहे हें न कळतां आपले आजेपणजे त्यावर अंगठे उठवीत आले. कुळकर्णी वतनें १९५० च्या कायद्यानें गेलीं, पाटिलकी १९६२ च्या कायद्यानें गेली. मध्यंतरीं १९५८ चा ग्रामपंचायतीचा कायदा झाला आणि गांवचा कारभार मतावर आला.

परंतु मत आलें तरी सरपंच आपल्या मताचा नव्हता. आपण वॉर्डांतले पंच निवडावयाचे आणि पंचांनीं आपल्यांतून सरपंच करावयाचा, अशी रीत होती. सात पंचांच्या पंचायतींत चार पंच ज्याच्या गोठ्यांत, तो सरपंच. मग निकाल लागतांच पंचांना गाडींत घालून सहलीला न्यावें, सरपंचाच्या निवडीदिवशींच परत आणावें, हे प्रकार आपणां सर्वांच्या ओळखीचे आहेत. २०१७ सालीं कायदा बदलला आणि साऱ्या गांवानें थेट मत देऊन सरपंच निवडावा असें ठरलें. २०२० सालीं दुसरें सरकार होतें. त्यानें ही रीत मोडली. २०२२ सालीं पुन्हां तिसरें आलें. त्यानें ती परत आणली. पांच वर्षांत तीन वेळां कायदा फिरला, पण एकाही वेळीं गांवाला कोणीं विचारलें नाहीं.

थेट निवड मोडल्यावर २०२१ च्या जानेवारींत ज्या निवडणुका आल्या, त्यांत काय झालें तें ऐका. नाशिक जिल्ह्यांतील उमराणें आणि नंदुरबार जिल्ह्यांतील खोंडामळी येथें गांवच्या पदांचा लिलाव झाल्याचें उघडकीस आलें, आणि राज्य निवडणूक आयोगानें त्या दोन्ही गांवच्या निवडणुका रद्द केल्या. लिलावाचा पैसा देवळाला जावो कीं आणखी कोठें जावो, ज्यानें पद विकत घेतलें तो भांडवल वसूल केल्यावांचून कसा राहील? आणि वसुली होणार ती तुमच्या गटारांतून, तुमच्या रस्त्यांतून, तुमच्या नळाच्या पाइपांतून!

म्हणून मी थेट निवडीच्या बाजूचा आहें. सात पंच विकत घेणें सोपें. सारें गांव विकत घेणें जड जातें. २०२२ च्या ऑक्टोबरांत आपल्या मुरबाड तालुक्यांतल्या तीसांहून अधिक आणि शहापुरांतल्या सत्तरांहून अधिक ग्रामपंचायतींत सरपंचासाठीं थेट मतदान झालें. ही चांगली गोष्ट झाली. पण एवढ्यानें आपण स्वस्थ बसलों तर फसलों, हेंच आज सांगावयाचें आहे.

येथें एका दूरच्या मुलखाचा दाखला देतों. अमेरिकेंत व्हरमाँट म्हणून एक लहान राज्य आहे. २०२० च्या शिरगणतींत तेथें सुमारें सहा लाख चाळीस हजार माणसें भरलीं. आपले मुरबाड व शहापूर हे दोन तालुके मिळून २०११ सालीं पांच लाखांच्या आसपास होते. म्हणजे तें राज्य आपल्या दोन तालुक्यांहून थोडेंच मोठें. तेथेंही दूधदुभतें करणारे शेतकरी पुष्कळ आहेत.

या राज्याचे सहा मुख्य कारभारी दर दोन वर्षांनीं साऱ्या राज्याच्या मतानें निवडले जातात. पहिला गव्हर्नर. आपला राज्यपाल दिल्लीहून नेमून येतो. तिकडचा गव्हर्नर हा लोकांनीं निवडलेला मुख्य कारभारी असतो. दुसरा त्याचा उपगव्हर्नर, तिसरा खजिनदार, चौथा दप्तर व निवडणुका सांभाळणारा सचिव, पांचवा सरकारी मुख्य वकील, आणि सहावा हिशेब तपासनीस. प्रत्येकाला मत वेगळें. त्यामुळें गव्हर्नर एका पक्षाचा आणि उपगव्हर्नर दुसऱ्या पक्षाचा, असें तेथें घडलें आहे. आणखी एक नियम आहे. गव्हर्नर, उपगव्हर्नर व खजिनदार या तीन जागांवर कोणालाच निम्म्याहून अधिक मतें न पडलीं, तर निवड तेथील विधिमंडळ करतें. २०२४ च्या निवडणुकींत उपगव्हर्नराच्या जागेवर तसेंच झालें आणि २०२५ च्या जानेवारींत विधिमंडळानें ती जागा भरली.

यांतली विचार करण्याजोगी गोष्ट कोणती? हुकूम करणारा एक, तिजोरी सांभाळणारा दुसरा आणि हिशेब तपासणारा तिसरा; आणि तिघेही लोकांचे! तपासनीस गव्हर्नराचा मिंधा नाहीं, कारण त्याला गव्हर्नरानें नेमलेलें नाहीं. या रीतींत दोष नाहींत असें नाहीं. तिघे तीन दिशांना ओढूं लागले तर गाडा अडतो. शेजारच्याच न्यू हॅम्पशर राज्यांत खजिनदार व दप्तराचा सचिव विधिमंडळ निवडतें, आणि तेंही राज्य चाललेंच आहे. तेव्हां तिकडची रीत जशीच्या तशी येथें आणा, असें मी म्हणत नाहीं.

पण व्हरमाँटच्या खेड्यांतली एक रीत आपल्या घरचीच वाटावी अशी आहे. मार्च महिन्याच्या पहिल्या मंगळवारीं गांवोगांव लोकांची सभा भरते. गेल्या सालच्या जमाखर्चाचा छापील अहवाल सभेच्या आधींच गांवकऱ्यांच्या हातीं पडलेला असतो. सभेचा अध्यक्ष कारभारी मंडळाचा नसतो. सभा आपला अध्यक्ष आपण निवडते. मग पुढच्या सालीं रस्त्यावर किती खर्चावयाचे, नवें यंत्र घ्यावयाचें कीं नाहीं, यावर माणसें उभीं राहून प्रश्न विचारतात आणि मत देतात.

बंधूंनो, हीच सभा आपल्या कायद्यांत आहे! तिचें नांव ग्रामसभा. वर्षांतून निदान चार वेळां ती भरलीच पाहिजे. शंभर मतदार किंवा एकूण मतदारांच्या पंधरा टक्के, यांपैकीं जो आंकडा कमी असेल तेवढे लोक जमले कीं सभा कायदेशीर होते. पंचायतीचा पैसा सरपंच व पंचायतीचा सचिव या दोघांच्या सह्यांनीं निघतो. म्हणजे एका सहीवर तिजोरी उघडत नाहीं. शहापूर तालुका सबंध आणि मुरबाडांतलीं कांहीं गांवें अनुसूचित क्षेत्रांत मोडतात. तेथें सरपंच आदिवासीच होतो, आणि एखाद्या पाड्यालाही आपली वेगळी ग्रामसभा मागतां येते. आदिवासी विकासाच्या निधीचा कांहीं वांटा २०१५ पासून थेट तेथल्या पंचायतींकडे येतो. सरपंच नालायक निघाला तर पहिलीं दोन वर्षें सोडून पंचांना तीन चतुर्थांश मतांनीं अविश्वास आणतां येतो, आणि तो थेट निवडलेला असेल तर अखेरचा निकाल ग्रामसभा गुप्त मतदानानें देते. म्हणजे ज्यांनीं बसविला, त्यांनींच उठवावयाचा.

एवढा अधिकार हातीं असून आपण करतों काय? सभेच्या दिवशीं दहा माणसें येतात. नोंदवही मागाहून घरोघर फिरते आणि आपण दारांत उभे राहून तींत सही करतों. आज्याचा अंगठा आणि नातवाची सही यांत मग फरक काय राहिला? २०११ पासून निम्म्या जागा बायांसाठीं राखीव झाल्या. पण कित्येक ठिकाणीं सरपंच बाई चुलीपाशीं आणि तिचा नवरा खुर्चींत! मत बाईला दिलें, तर जबाबही बाईनेंच दिला पाहिजे. नवऱ्याला सभेंत सांगावें कीं, बाबा, तूं इतर मतदारांसारखा सतरंजीवर बस.

ही चैनीची गोष्ट नव्हे. भातसा आणि तानसा या शहापुरांतल्या धरणांचें पाणी मुंबईस जातें, आपल्या बारवीचें पाणी कारखान्यांना व शहरांना जातें, आणि धरणांच्या आसपासच्या पाड्यांवर वैशाखांत आपल्या बाया हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात. नळयोजनेचा पैसा आला किती, पाइप पडला किती, टाकी पुरी कधीं होणार, हें जर ग्रामसभेंत कोणी विचारलें नाहीं, तर सरपंच थेट निवडलेला असो कीं पंचांनीं केलेला असो, हंडा रिकामाच राहील.

तेव्हां चार कामें करा. ग्रामसभेची तारीख घरांत लिहून ठेवा आणि त्या दिवशीं घरटी एक पुरुष व एक बाई अशीं दोघें जा. सभेपूर्वीं जमाखर्च मागा. तोंडीं मिळाला नाहीं तर २००५ च्या माहितीच्या अधिकाराखालीं लेखी अर्ज करा. वाचतां येणाऱ्या मुलाला किंवा मुलीला बरोबर न्या आणि आंकडे मोठ्यानें वाचावयास लावा. सुताराला लाकडाचा भाव कळतो, गवंड्याला सिमेंटाचा कळतो, त्यांनीं आपापल्या धंद्याचें कलम तपासावें. आणि ठराव वाचून दाखविल्याशिवाय नोंदवहींत सही करूं नका.

म्हसा येथील जत्रेंत बैल घेतांना आपण त्याचे दांत पाहतों, खूर पाहतों, चार पावलें चालवून पाहतों. पण पारखून घेतला म्हणून घरीं आणल्यावर त्याचा कासरा कोणी सोडून देत नाहीं. सरपंच तुम्हीं पारखून घेतला आहे. कासरा म्हणजे ग्रामसभा. पुढच्या सभेला तो हातांत धरा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतों.